तंबू, तांदूळ आणि तलवार

सह्याद्रीत मुक्कामाला जायचं ठरलं की तंबू भाड्याने मिळतो, स्लीपिंग बॅग मित्राकडून मागून आणता येते, डाळ-तांदूळ घरातून निघतात. शस्त्राचं तसं नाही. ते स्वतःचंच लागतं आणि सगळ्यात आधी घ्यावं लागतं. एकदा ते हाती आलं की भीती कशाची बाळगायची हे आपोआप ठरतं. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. ते आधी रानात काय असतं याची चौकशी करतात आणि मग हत्याराचा विचार करतात. असं केलं की हत्याराची गरजच उरत नाही आणि पैसे तसेच पडून राहतात. तेव्हा क्रम नीट लक्षात ठेवा.

पहिल्या खरेदीसाठी रॅम्बो चाकू उत्तम. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात जो दिसला, त्याची ही नातवंडं. पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीच्या बुडाला फिरकीचं झाकण आणि त्या झाकणात मटाराएवढं होकायंत्र. झाकण फिरवलं की आतून चार काड्या निघतात, एक सुई, थोडा दोरा आणि मासे धरायचे दोन गळ. मे महिन्यात गडावरच्या टाक्यात तळाला हिरवं पाणी आणि बेडूक एवढंच शिल्लक असतं, पण गळ असलेले बरे. होकायंत्र मात्र जपून वाचावं. ते पोलादी पात्याला चिकटून बसलेलं असल्यामुळे त्याची सुई पात्याचा मान राखते. पातं तुमच्या हातात, म्हणजे तुम्ही वळाल तिकडे उत्तर. कितीतरी लोकांना आयुष्यात एवढी खात्रीची दिशा कधीच मिळत नाही.

या चाकूने लाकूड फोडू नये. मूठ पोकळ असल्याने पातं आत जेमतेम बोटभर गेलेलं असतं. चौथ्या-पाचव्या घावाला मूठ हातात राहते आणि पातं मित्राच्या दिशेने निघून जातं. कांदाही त्याने कापता येत नाही. पातं इतकं जाड असतं की कांदा चिरला न जाता फुटतो. टोमॅटोबद्दल बोलायलाच नको. पण मांडीला पट्ट्याने बांधून कड्याच्या कडेला उभं राहिलं की फोटो चांगला येतो, आणि नव्वद टक्के स्वसंरक्षण फोटोतच उरकतं असा आमचा अंदाज आहे.

थोडी प्रगती झाली की मराठी माणूस वाघनखांकडे वळतो. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात पाहायला मिळाली, आणि आपणही एक जोडी बाळगावी असं पुष्कळांच्या मनात आलं. वस्तू सोयीची आहे. मुठीत लपते, सॅकचं वजन वाढत नाही. फक्त वापराची पद्धत समजून घ्यावी. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली जे घडलं त्याची सुरुवात मिठीने झाली होती. वाघनख हे मिठीत चालवायचं हत्यार आहे. समोर बिबट्या आला तर आधी त्याला आलिंगनाला राजी करावं लागेल.

तलवारीबद्दल फार लिहीत नाही. ती तंबूत मावत नाही. बाहेर ठेवली तर दवाने गंजते, आत ठेवली तर तंबू फाटतो.

आता कायदा. हा भाग लोक गाळतात आणि पुढे पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून सविस्तर वाचतात. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, भाले, कुकऱ्या यांचा त्यांत एक वेगळा वर्गच आहे. घरकामाची, शेतीची, कारखान्यातली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे कोयता उसाच्या फडात अवजार असतो. तुमच्या सॅकमध्येही तो अवजारच असतो, पण ‘तुमचं शेत कुठे आहे?’ या हवालदाराच्या प्रश्नाला उत्तर देता आलं तर. चाकू घ्यायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सणवार, निवडणुका, मोर्चे आले की त्याखाली मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी-सुऱ्यांच्या जोडीला लाठ्याकाठ्याही येतात आणि दगड जवळ बाळगणंही येतं. सह्याद्रीत दगडापासून दूर कसं राहायचं, याचं मार्गदर्शन आदेशात नसतं.

पण खरी गंमत वन्यजीव संरक्षण अधिनियमात आहे. हा १९७२ चा कायदा प्रत्येक शस्त्रधारी मुक्कामवाल्याने एकदा तरी वाचावा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही आपली लाडकी ठिकाणं १९८६ साली जाहीर झालेल्या अभयारण्यात येतात. भीमाशंकरही अभयारण्य. वासोटा कोयना अभयारण्यात. तिथे तर मुक्कामच करू देत नाहीत. कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. शस्त्र म्हणजे काय, तर बंदुकी, धनुष्यबाण, स्फोटकं यांच्याबरोबर कायद्याने गळ, सुऱ्या, जाळी, विष आणि फासही मोजले आहेत. रॅम्बो चाकूच्या मुठीतले ते दोन गळ आठवले? ते चाकूपासून वेगळे मोजले जातील. कांदा चिरायची सुरी या व्याख्येत बसते का, हा वाद वनरक्षकाशी नाक्यावर घालू नये. तो सकाळपासून तिथे बसलेला असतो आणि त्याला वेळच वेळ असतो.

याच कायद्याचं कलम ११ तुमच्या बाजूचं वाटतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्हेतूने वन्यप्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा नाही. हे वाचून हायसं वाटतं न वाटतं तोच पुढची अट येते: त्या वेळी तुम्ही याच कायद्याविरुद्ध काही करत असता कामा नये. आणि परवानगीशिवाय शस्त्र आत नेणं हे कायद्याविरुद्धच. थोडक्यात, बचावासाठी नेलेलं हत्यार बचावाची सबबच काढून घेतं. रिकाम्या हाताने बिबट्याला मारलंत तर मात्र कायदा तुमच्या पाठीशी उभा आहे. मेलेला प्राणी सरकारजमा होतो, त्यामुळे कातड्यावर बसून फोटो काढायचा बेतही रद्द.

परदेशी राहणारे नातेवाईक इथे हमखास सल्ला देतात की अस्वलासाठी मिळतो तो फवारा घ्या. अमेरिकेत यलोस्टोनसारख्या ठिकाणी तो कमरेला लावून हिंडणं खरंच शहाणपणाचं आहे. पण तो विमानात नेता येत नाही, ना हातातल्या पिशवीत ना सामानात. तेव्हा नातेवाईक सल्ला आणतात, फवारा आणत नाहीत.

आपल्याकडे त्याचा धाकटा भाऊ मिळतो, मिरचीचा फवारा. तो बाळगणाऱ्या मुलींची मी थट्टा करणार नाही. माणसांची भीती रानातल्या इतर भीतींहून वेगळी आहे आणि ती पुस्तक वाचून जात नाही. फक्त वाऱ्याचा अंदाज घ्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खालून वारा असा उसळतो की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. लोक टोप्या टाकून हे पाहतात. तिथे फवारा उडवलात तर हल्लेखोर दुसऱ्याच कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलेलं पाहील. माणसांच्या भीतीवर त्यापेक्षा जुना उपाय म्हणजे गावाजवळ, कोणाच्या तरी अंगणाशेजारी तंबू लावणं आणि आल्या आल्या पोलीस पाटलाला भेटून नावं सांगून ठेवणं. उलट रात्री अकराला अंधारातून चाकू चमकवत वाडीत शिरलात, तर चोर कोण याबद्दल गावाचं मत लगेच तयार होतं आणि ते बदलायला सकाळ उजाडावी लागते.

आता शत्रूंची ओळख.

बिबट्या हा मुख्य शत्रू, कारण सगळी खरेदी त्याच्या नावावर झालेली असते. हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाच्या शेतांत, माणसांच्या दाट वस्तीत, शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. म्हणजे बिबट्याच्या सर्वांत जवळून तुम्ही गेलात ते गडावर नव्हे, तर गडाकडे येताना, एसटीच्या खिडकीत डुलक्या घेत. तेव्हा चाकू सॅकमध्ये होता आणि सॅक टपावर.

बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो. पळणाऱ्याकडे त्याचं लक्ष जातं, आणि वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटेलच असं नाही. यातून पहाटेच्या एका विधीबद्दल अवघड प्रश्न निर्माण होतो. त्या विधीला जाताना एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात टमरेल. चाकू दातांत धरावा लागतो. यापेक्षा तंबूपासून फार लांब न जाणं, सोबत कोणाला तरी नेणं आणि त्याला पाठ करून उभं राहायला सांगणं बरं. तो मित्र गाणं म्हणत असेल तर आणखी बरं, कितीही बेसूर असला तरी.

तोलारखिंडीने हरिश्चंद्रगडाला गेलात तर वाटेत दगडात कोरलेला वाघ लागतो. नवशिक्यांना खात्रीने भेटणारा हा एकमेव वाघ. त्याच्यावर गावकरी शेंदूर-फुलं वाहतात. तुम्हीही हात जोडा आणि पुढे चला. चाकू काढायची गरज नाही.

आग्या मोहोळ हा शत्रू बिबट्यापेक्षा कितीतरी कडवा आहे, पण त्याच्यासाठी कोणी काही विकत नाही म्हणून त्याची भीती कोणाला वाटत नाही. कड्याच्या कपारीला काळं-पिवळं सूप टांगल्यासारखं दिसतं ते तेच. त्याला धूर खपत नाही, आरडाओरडा खपत नाही, डिओचा वास खपत नाही आणि दगड तर मुळीच नाही. म्हणजे शहरातून मुक्कामाला आलेली टोळी संध्याकाळी जे जे करते ते सगळं. माश्या उठल्या की तलवार फिरवू नये. एक माशी डंख मारते तेव्हा त्या वासाने बाकीच्यांना पत्ता कळतो. हातवारे करणारा माणूस तर पत्ता शोधायला आणखी सोपा. डोकं-तोंड झाकायचं आणि तिथून निघायचं, किंवा जाड पांघरूण अंगावर ओढून निपचित पडायचं. पांघरूण फाडायला चाकू बाहेर काढलेला नसेल तर हे जमतं.

विंचू बुटात शिरतो. कोकणातला लाल विंचू खरोखर जीव घेऊ शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून दाखवली आणि त्यानंतर या दंशाने मरणाऱ्यांचं प्रमाण खूपच खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाविरुद्धची लढाई कोणी तरी आधीच जिंकून ठेवली आहे; तुमच्याकडे उरलं ते सकाळी बूट उलटा करून जमिनीवर आपटणं. यासाठी रॅम्बो चाकूची मूठ वापरायला हरकत नाही. तिचा हाच एक उपयोग आम्हाला निर्वेध वाटतो.

साप चावला तर मात्र चाकू कोणाच्याही हाती लागू देऊ नका. इथे विनोद बाजूला ठेवतो. सिनेमात पाहिलेलं असतं म्हणून कोणी तरी पातं तापवतो, जखमेवर चीर देतो आणि रक्त चोखू लागतो. त्याने विष निघत नाही. घोणशीच्या किंवा फुरशाच्या दंशात आधीच रक्त गोठत नसतं, त्यात ही नवी जखम. दोरीने करकचून आवळू नये. माणसाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय फळीने बांधून हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यायचं. मण्यार तर रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. तिच्याविरुद्धचं हत्यार तंबूला शिवूनच आलेलं असतं. त्याला चेन म्हणतात, ती झोपताना पूर्ण लावायची असते, आणि तिला परवाना लागत नाही.

माकडांचं काय करायचं? काही नाही. रतनगडाच्या माकडांना बिस्किटाच्या पुड्याचा आवाज तुमच्या आधी कळतो. त्यांच्यावर चाकू रोखला तर ती दात दाखवतात, आणि तुमचं लक्ष चाकूकडे असताना दुसरं माकड मागून डबा नेतं. हे नियोजनबद्ध वाटतं, असेलही.

उन्हात पाणी संपणं, निसरड्या कड्यावर सेल्फी, सांधण दरीत पावसाळ्यात अचानक आलेला लोंढा, धरणाच्या पाण्यात जेवण करून पोहणं हे विषय या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांत फक्त माणसं मरतात, शस्त्र चालवायला वावच मिळत नाही.

रात्रीच्या पहाऱ्याचं थोडं. पहिला पहारेकरी तोच असावा ज्याने चाकू विकत घेतला, कारण त्याला तसंही झोप येत नाही. रात्री तंबूबाहेर पावलं वाजली तर ती बहुधा शेजारच्या तंबूतल्या, चप्पल न सापडलेल्या माणसाची असतात, किंवा पायथ्यापासून तुमच्यामागे आलेल्या कुत्र्याची, ज्याला तुम्ही दुपारी पोळी घातली होती. धाडकन चेन उघडून पातं पुढे करण्याआधी ‘कोण आहे?’ असं विचारावं. कुत्रा उत्तर देत नाही, पण शेपटी हलवल्याचा आवाज तंबूच्या कापडावर ऐकू येतो.

हरिश्चंद्रगडाला पाचनईच्या बाजूने एक मामा आमच्याबरोबर वर आले होते. कमरेला आकडी, आकडीत कोयता. कोयता इतका झिजलेला की पात्याची कड आत वळून चंद्रकोरीसारखी झाली होती. वाटेत करवंदीची फांदी आडवी आली की चालता चालता ती छाटायची, पुन्हा आकडीत अडकवायचा. त्यात चालण्याचा वेग कमी होत नव्हता. हातात साधी बांबूची काठी, तिच्या टोकाला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला. आमच्यातल्या रॅम्बोने त्यांना विचारलंच.

“मामा, इथं बिबट्या येतो का?”

“येतो ना. त्यालाबी पाणी लागतं.”

“मग तुम्ही काय करता?”

मामा थोडे थांबले. प्रश्न त्यांना अवघड वाटला असावा, किंवा फारच सोपा.

“खाकरतो,” म्हणाले.

म्हणजे काय, हे त्यांनी करूनही दाखवलं. वळणावर जायच्या आधी एकदा घसा साफ केला, काठी दगडावर टेकवली आणि पुढे गेले. धनगरांच्या घुंगुरकाठीचं कामही हेच. आपण येतोय हे आधी कळवायचं, म्हणजे ज्याला बाजूला व्हायचंय त्याला वेळ मिळतो. रानात बरेचसे अपघात एकमेकांना दचकवण्यातून होतात. लपवून नेलेलं हत्यार नेमकं ते करतं. मामांनी मग आमचा चाकू हातात घेऊन उलटसुलट पाहिला, करवतीच्या दातांवरून अंगठा फिरवला, झाकण उघडून आतले गळ बघितले आणि विचारलं, “मासे कुठंशी धरता?”

मोहिमेवरून परतल्यावर शस्त्राची निगा राखावी. पातं पुसून कोरडं करा, म्यानात दमट ठेवू नका, मुठीतल्या काड्या ओल्या झाल्या असतील तर फेकून द्या. पुढच्या खंडेनवमीला पूजेत ठेवायला हरकत नाही. घरच्या इस्त्री-मिक्सरच्या शेजारी तो शोभून दिसतो. नंतर तो माळ्यावर जातो आणि उन्हाळ्यात गावाहून फणस आला की आईला आठवतो. फणसाला हे जाड पातं उत्तम चालतं. फक्त कापण्याआधी पात्याला आणि हातांना खोबरेल चोपडा, खाली जुना पेपर अंथरा. चीक करवतीच्या दातांत बसला की घासणीने निघत नाही, रॉकेलच लागतं, आणि ते आता मिळत नाही.